ओसाकाच्या शेजाऱ्यांविरुद्ध मी दिलेला एकतर्फी निकाल

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती.

सोमवार: ओसाका शहरातील भाड्याच्या घरात आम्ही उभयतांनी मुलासह प्रवेश केला. जबाबदार: मुलगा, कारण नोकरी त्याची. मंगळवार, बुधवार: एकही शेजारी आमच्याकडे फिरकला नाही. जबाबदार: तेव्हाच्या माझ्या मते, समस्त शेजारी. गुरुवार: मी गोरेगावला, आमच्या सोसायटीकडे पत्र धाडले. जबाबदार: मी, नाकारत नाही. पुढचा सोमवार: ते पत्र रद्द करणारे दुसरे पत्र मी पोचपावतीसह रजिस्टरने पाठवले. ते दडपल्याबद्दल जबाबदार: दिंडोशीतील आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

आता तपशील. आमच्या वसाहतीत नव्या बिऱ्हाडाचा टेम्पो रिकामा होण्याआधी समोरच्या घरातून चहा येतो, आणि चहाबरोबर चौकशी: गाव कुठले, मुले किती, आधीची जागा का सोडली. हा रिवाज जगभर लागू असावा अशी माझी समजूत होती. त्याची हद्द आमच्या शेजारच्या आरे कॉलनीपाशी संपते, असे मला कोणीही लेखी कळवले नव्हते.

म्हणून ओसाकात मी दार सताड उघडे ठेवले, इस्त्रीचा सदरा चढवला आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलो. दोन दिवस. माणसे व्हरांड्यातून जात-येत होती. पण आमच्या दाराशी येताच प्रत्येकाची मान खाली जाई आणि पावले भराभर पडत.

"अहो, दार लावा, गारठा येतोय," पत्नी म्हणाली.

"कोणी आले तर?"

"कोण येतंय! जकातनाक्यावर बसल्यासारखे बसलात. येणारासुद्धा मागे फिरेल."

गुरुवारी मी तीन पाने लिहिली. कलम एक ते तीन: रस्ते आरशासारखे, गाड्या वेळेवर, कचरासुद्धा वार पाहून बाहेर पडतो. कलम चार: माणुसकी शून्य; शेजारच्या वृद्ध बाई तर मला पाहून अक्षरशः पळतात. पत्र सोसायटीच्या फलकावर लावावे, अशी विनंतीही केली.

शनिवारी मुलगा कचेरीतून आला तो पडलेल्या चेहऱ्याने. तोवर तो कंपनीच्या वसतिगृहात राहिलेला. बिऱ्हाड त्यानेही प्रथमच थाटले होते.

"बाबा, घोटाळा झालाय."

"कोणी केला?"

"आपण. साहेबांनी आज विचारलं, शेजाऱ्यांना भेटून आलात ना? इथे नव्या माणसाने जायचं असतं. टॉवेल, साबण असं काहीतरी घेऊन, पहिल्या एक-दोन दिवसांत. ते आपली वाट बघतायत."

"मग तसे कळवायला नको?"

"काय, नोटीस बजावणार?"

पत्नीला हसता हसता ठसका लागला. "बसा अजून खुर्ची टाकून!"

रविवारी आम्ही टॉवेल घेऊन निघालो. त्या वृद्ध बाई कमरेत वाकल्या, मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या, आणि हे प्रकरण माझ्या पाठीच्या सहनशक्तीपर्यंत चालले. मग त्यांनी काही विचारले. मुलगा घुटमळला.

"शब्दशः सांग," मी म्हणालो.

"त्या विचारतात, आता श्वास कसा आहे? दार उघडं टाकून बसायचात, तेव्हा त्यांना वाटलं, तुम्हाला दमा आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं नाही, म्हणून त्या घाईने जायच्या."

मी आयुष्यभर ज्याच्या-त्याच्याकडून लेखी खुलासे मागितले. आणि या बाईंना मात्र नोटीस नाही, सुनावणी नाही, थेट शिक्षा. तीसुद्धा अशा गावात, जिथे येऊन बचाव करणे त्यांना कधीच शक्य नव्हते. दुसरे पत्र मी त्याच रात्री लिहिले, सकाळी टपालात टाकले. सेक्रेटरींच्या सहीची त्याची पोचपावती माझ्यापाशी आहे.

वर्षाने परतलो. जिन्याखाली फलकाच्या काचेआड माझे पहिले पत्र तसेच झळकत होते. कलम चारखाली कोणीतरी लाल रेघ मारलेली. दुसऱ्याचा मागमूस नव्हता. सामान घेऊन वर चढेपर्यंत दोघांनी मला विचारले, "काय काका, म्हातारी अजून पळते का?"

मी थेट सेक्रेटरींच्या दारात उभा राहिलो.

"काका, पहिलं एकदम झकास होतं हो," ते म्हणाले. "लोक पाहुण्यांना आणून दाखवायचे. दुसऱ्यात काय? तुम्ही चुकलात, एवढंच ना! त्यात मजा नाही."

"मग पहिले उतरवा."

"कमिटीत ठेवायला लागेल. अर्ज द्या."

मी अर्ज दिला. मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र. एका निरपराध वृद्धेची बदनामी माझ्याच हस्ताक्षरात, माझ्याच जिन्याखाली लटकते आहे, आणि मला रोज तिच्यासमोरून जावे लागते. म्हणून हे छापून आणत आहे. सेक्रेटरींनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमक्ष उभे राहून सांगावे: सही करून घेतलेले ते दुसरे पत्र कोठे आहे, आणि ते कोणत्या नियमाखाली दाबले? खाजगीत, चहा पाजून दिलेला खुलासा स्वीकारला जाणार नाही.