गाडीत पाणी शिरले कुठून?

माझ्यासारख्या मुलीने गाडीच्या बिघाडाविषयी लिहावे, हे जरा आगाऊपणाचेच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण गुरुवारपासून डोक्यात एवढा गोंधळ आहे की, लिहिल्याशिवाय तो सुटेल असे वाटत नाही...

गुरुवारी दुपारी सात रस्ता चौकात आमच्या गाडीचे वायपर आपोआप सुरू झाले. आकाशात ढगाचा ठिपका नाही, ऊन असे की काचेला हात लाववत नव्हता... आणि वायपर कोरडी काच पुसत होते. मग डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी बंद पडली.

गाडी बाबांची, पण ती भाड्यावर चालवतात ते सिद्राममामा. नात्याने मामा नव्हेत. मी शाळेत होते तेव्हापासून ते गाडीवर आहेत. रिकामी फेरी असली की मला अभ्यासिकेत सोडतात. त्या दिवशीही मी त्यांच्या शेजारी, पुढेच बसले होते.

गाडी ओढून गॅरेजात नेली. बाबाही आले. मेकॅनिकने माझ्या सीटसमोरची चटई उचलून खालून एक चपटी धातूची पेटी काढली. तिच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता.

"हा गाडीचा मेंदू, ईसीएम. ह्याच्यात पाणी गेलंय," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा बदलला. "पाइप लावून आतून धुतलीस ना, सिद्राम?"

"न्हाय की, मालक. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय. प्यायला पुरंना, गाडी कुटनं धुऊ?"

मेकॅनिक हसला. बाबा हसले नाहीत. "चेष्टा नको. चावी दे. उद्यापासून येऊ नकोस."

मामांनी चावी दिली... त्याच कडीत त्यांच्या घराचीही किल्ली होती, तेवढी काढून घेतली. बाबा उगाच कोणावर आळ घेत नाहीत, आणि मामा खोटे बोलत नाहीत. मग पाणी आले कुठून?

घरी येऊन पिशवीतली पुस्तके काढली, तर खालच्या कडा पुन्हा ओल्या. बरेच दिवस हे असेच चालले होते. पाण्याची बाटली गळते असे समजून मी ती पुस्तके गच्चीवर वाळवत होते.

पण त्या दिवशी बाटली मी घरीच विसरले होते...

गाडी एकदा धुतली असती, तर एकदाच ओली झाली असती. हे रोजचे थोडे थोडे पाणी कसले?

बाबांसमोर सलग दोन वाक्ये बोलणे मला आजवर जमलेले नाही. मी नुसती पुस्तके त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "बाटली घरी होती."

बाबांनी एक पान चिमटीत धरून पाहिले. "पिशवी कुठे ठेवतेस गाडीत?"

"पायांपाशी... त्या चटईवर."

त्यांनी जेवण अर्धवट ठेवले.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे पुन्हा गॅरेजात गेलो. मेकॅनिकने गाडीखाली शिरून, एसीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत तार घातली. मातीचा बोळा निघाला आणि मागोमाग तांब्याभर काळे पाणी. नळी तुंबल्यामुळे एसीचे पाणी रस्त्यावर पडण्याऐवजी आत, त्या पेटीवर ठिबकत होते.

बाबांनी तिथूनच मामांना फोन केला. ते आल्यावर चावी त्यांच्यापुढे धरली. "तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडून हरवते."

मामांनी घरची किल्ली सावकाश त्याच कडीत अडकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमची पुस्तकं न वाचताच कामाला आली की."

नवा ईसीएम अजून यायचा आहे, आणि माझा गोंधळही पुरता मिटलेला नाही. गार पेल्याच्या बाहेर थेंब का जमतात, याचे उत्तर मी दहावीत आकृतीसह लिहिले होते... तरी घागरी मांडून पाण्याची वाट पाहणाऱ्या आमच्या शुक्रवार पेठेत, एका गाडीने हवेतून पाणी गोळा करून स्वतःलाच बुडवावे, हे काही केल्या पटत नाही.

पुस्तके अजून गच्चीवर आहेत. पाने फुगली आहेत, आता ती नीट मिटत नाहीत. त्यांचे आभार कसे मानावेत, तेही मला नीटसे कळत नाही...

रविवार, २७ एप्रिल २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.