भिंतीएवढे ड्रम

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे ठोक्या म्हणत. हात जरा मोकळे झाले की त्याची बोटं टेबलावर वाजायची. संध्याकाळी तो चौघांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक पाहुणा जाता जाता म्हणाला, ड्रम वाजतायत की डबे, कळत नव्हतं. बाकीचे हसून विसरले. ठोक्याच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

आधी त्याने स्टँडवरची चांगली मोठी झांज घेतली. मग आणखी एक. मग ड्रम. बायको होती तोवर विचारायची, "आता हे ठेवायचं कुठे?" ती आजारपणात गेली आणि विचारणारंच कुणी उरलं नाही. तिचं कपाट हललं, तिथे ड्रम आले. पुढे पलंगही व्हरांड्यात गेला आणि ठोक्या स्वयंपाकघरात अंथरूण घालू लागला. नवीन काही आणलं की चार दिवस बरे जायचे. वाजवणं कमी झालं, पुसणं वाढलं. कार्यक्रमात त्याची मांडामांड संपता संपायची नाही, आणि वाजवायला लागला की गिटार बुडून जायची. भांडण कुणी केलं नाही. बोलावणं तेवढं बंद झालं.

बऱ्याच वर्षांनी बँडमधल्या गिटारवाल्या मास्तरांचा फोन आला. शाळेतून निवृत्त होऊन ते कायमचे लेकीकडे निघाले होते. जायच्या आधी एकदा वाजवू या, म्हणाले. काही आणू नकोस, शाळेच्या हॉलमध्ये ड्रम आहेत.

होते म्हणजे काय, एक मोठा, एक चिकटपट्टी लावलेला छोटा आणि तडा गेलेली झांज. ठोक्याला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. पहिल्या गाण्यात त्याचे हात तिथे नसलेल्या ड्रमांकडे जात राहिले, ताल सुटला, कान तापले. मास्तर थांबले नाहीत. दुसऱ्या गाण्यात, मध्ये आडवं काही नसल्यामुळे, त्याला मास्तरांची बोटं दिसली. सूर बदलण्याआधी ती किंचित थबकत. तोही तिथे थबकू लागला. जोरात मारलं की चिकटपट्टी फडफडायची, म्हणून त्याने हात हलका केला. हॉल झाडणारी बाई झाडू टेकवून ऐकत उभी राहिली.

गिटार खोळीत घालताना मास्तर म्हणाले, "आज माझं ऐकत होतास."

"आधी नव्हतो?"

"आधी तू दिसायचासच कुठे? त्या सगळ्या पसाऱ्यामागे असायचास."

राहा ना, असं ठोक्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने मास्तरांची पिशवी उचलली आणि त्यांना बसपर्यंत पोचवलं.

सुट्टीच्या दिवशी त्याने मोजकेच ड्रम बाहेर ठेवले, बाकीचे बांधून भिंतीला लावले आणि पलंग परत आणला. आता तो हळू वाजवतो, मध्ये जागा सोडत. त्या जागेत वाजवायला कुणी नाही. वाद्यांच्या दुकानात त्याने चिठ्ठी लावली: ड्रमवाला आहे, सोबत वाजवणारं कुणी हवं.

एकदाच फोन आला. कुणी तरुण माणूस होता. झांजा कुठल्या कंपनीच्या, विचारत होता. ठोक्याने सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

"अजून काहीच नाही. आधी चांगला सेट घेऊ म्हटलं."

ठोक्याने भिंतीला लावलेल्या ड्रमांकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकदा या तर खरं. बसू दोघं."

तो येतो म्हणाला, पण अजून आलेला नाही. संध्याकाळी वाजवायला बसताना ठोक्या दार नुसतं लोटून घेतो.