तातेरावांनी नेलेला निरोप

शहागडच्या अलीकडं, गोदाकाठच्या एका गावातले तातेराव गुरुजी म्हणजे सरळ रेषेत चालणारा माणूस. वाटेत भिंत आली तर भिंतीनं सरकावं, हा त्यांचा खाक्या. एकदा परीक्षेत त्यांनी पाहुण्याच्याच पोराची कॉपी पकडली आणि जमत आलेली सोयरीक मोडली. बायकोची, कांताबाईंची, रीत वेगळी. कुणाचं भलं झालं, कुणाचं वाटोळं झालं, एवढंच त्या बघायच्या. "नियमाची भाकरी थापता येत न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. जन्मभर हा वाद चालला आणि संसारही चालला.

गुरुजींचा सगळ्यात मोठा नियम मात्र वडिलांकडून आलेला. पूर्वी वरच्या आळीत कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी मयताचा निरोप नेण्याचं काम या घराण्यावर लादलेलं होतं. पायी जायचं, अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायचं आणि त्याबद्दल पदरात पडेल ती ज्वारी घ्यायची. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर वडिलांनी हे काम सोडलं. गावानं त्यांना मजुरीला बोलावणं बंद केलं, तरी ते बधले नाहीत. या घरातलं कुणी पुन्हा निरोप नेणार नाही, असा शब्द त्यांनी जाताना तातेरावांचा हात धरून घेतला. एकदा गेलास की पुन्हा बोलावतील, असं ते म्हणाले होते.

मागच्या भादव्यात वरच्या आळीतली नंदाबाई पहाटे वारली. तिचा मुलगा भुजंग गावातच असतो, मुलगी सुरेखा ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. पुलावरून पाणी चाललं होतं, मोबाइलचा टॉवर बंद पडला होता आणि भुजंगचा हात प्लास्टरमध्ये होता. वरच्या बंधाऱ्यावरून शेताशेतातून एक पाणंद जाते, ती गुरुजींना नीट ठाऊक. सुरेखाच्या गावच्या शाळेत त्यांनी नोकरी केली होती आणि मधल्या सुट्टीतला चहा कायम तिच्याच घरी प्यायला होता.

प्रेताभोवती बसलेल्यांत भुजंगचे चुलते बद्रीनाथ होते. तातेरावाला धाडा, ते म्हणाले, नाहीतरी हे काम त्याच्याच घरचं. असल्या बोलण्याला टॉवर लागत नाही. भुजंग गुरुजींच्या दारात पोचायच्या आत ते वाक्य पोचलं होतं.

गुरुजींनी साफ नकार दिला. तेवढ्यात कांताबाई बाहेर आल्या. "तिला आईचं तोंड दिसलं न्हाई, तर मंग तुमचा शब्द काय चाटायचा का?"

निरोप नेला तर वडिलांशी बेइमानी, न नेला तर जिनं इतकी वर्षं चहा पाजला तिची आई तिच्याविना सरणावर जाणार. दोन्ही गुरुजींना लख्ख दिसत होतं, आणि त्याचाच त्रास होत होता. शेवटी त्यांनी मोटारसायकलची किल्ली घेतली. "गाडी मी चालवतो. तू मागं बस, अन् निरोप तुझ्या तोंडानं सांग," ते भुजंगला म्हणाले. मास्तर माणूस, पळवाट काढली तरी तिला नियमच म्हणणार.

चिखलातून गाडी ढकलताना त्यांनी भुजंगला आपले वडील कुठं उभे राहायचे, पाणी कसं प्यायचे, ते सगळं सांगितलं. भुजंगला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुरेखा ओसरीवर मूग निवडत होती. भावाला बघून ती उठली. भुजंगनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, नुसता हुंदका आला. तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी अंगणाबाहेरच उभे होते. आपले पाय तिथंच का थांबले, हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते अंगण ओलांडून ओसरीवर चढले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई गेली, बाई. चल, आपल्याला जायचंय."

सुरेखाला आईचं तोंड दिसलं. गावानं गुरुजींची वाहवा केली. आता तरी पटलं का, असं कांताबाईंनी विचारलं.

"चांगलं झालं, ते खरंय," गुरुजी म्हणाले. "पण म्हणून शब्द मोडला न्हाई, असं होत न्हाई. मोडला तो मोडलाच."

तेरावं झालं आणि बद्रीनाथांनी गड्याच्या हाती गुरुजींकडं टोपलीभर ज्वारी धाडली. म्हणजे पुढचा निरोपही यांनीच न्यायचा; वडील बोलले ते खरं झालं होतं. गुरुजींनी टोपली स्वतः उचलून भुजंगच्या घरी नेली आणि बैठकीत मधोमध ठेवली. ती कशाची, ते भुजंगला सांगावं लागलं नाही. त्याची मान खाली गेली.

"गुरुजी, तुमच्या घरचा निरोप मी नेईन," चुलत्यादेखत तो म्हणाला. बद्रीनाथ उठून गेले. गुरुजींनी मात्र ते भरात केलेलं बोलणं समजून सोडून दिलं.

यंदा चैत्रात कांताबाई गेल्या. मुलगी पायल बदनापूरला असते. फोन सगळे चालू होते. गुरुजी मोबाइल शोधायला लागले तेव्हा शेजारी म्हणाले, राहू द्या, भुजंग केव्हाच निघालाय.

पायल आली, आईजवळ बसली, रडली. मग तिनं सांगितलं, की भुजंगकाकांना किती आत बोलावलं तरी ते आले नाहीत. फाटकाबाहेर उभं राहूनच त्यांनी सांगितलं आणि तिनं पाणी दिलं तर पेला न घेता ओंजळ पुढं केली.

तोवर कोरडे राहिलेले गुरुजी तेव्हा रडले. हे वडिलांना सांगायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं, आणि कांताबाईंनाही.