ॲनिमियाची केस

अकरा जणांनी माझी खालची पापणी ओढली. एकापाठोपाठ एक. नाश्त्याच्या बटाटेवड्याचं तेल अजून त्यांच्या बोटांना होतं. मी शाळेच्या बाकावर, मान वर करून बसलेली, आणि सर शिकवतायत, "पॅलर बघा, हा फिकटपणा. टेक्स्टबुक केस आहे."

पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात आमचा कॅम्प होता. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सरांना दाखवायला ॲनिमियाची बाई हवी होती. पण बायका उजाडायलाच मिठागरावर गेलेल्या. त्यांना कुठली कॅम्पची पडलीय? अर्धा तास वाट बघून सरांनी आमच्यावरून नजर फिरवली. "हिलाच घ्या," म्हणाले. मला विचारलं नाही. विचारायचं असतं हे आम्हाला शिकवलंच नव्हतं. आधीच्या कॅम्पात मीही बायकांच्या पापण्या अशाच ओढल्या होत्या. ते आठवलं आणि माझीच मला शिसारी आली.

ते गाव माझ्या मावशीचं. भाची डॉक्टरांबरोबर आली म्हणून ती खाडा करून थांबलेली. भाकरी नि सुकटीचा डबा घेऊन दारात उभी. "काय झाला गो तुला?" एवढंच बोलली. सरांनी तिलाच धरलं. नुसता भात नि सुकट खाता, पोरींना पालेभाजी देत नाही, अडाणीपणा सोडा, असं बरंच काही. मग आमच्याकडे वळून सकस आहार, पुरेशी झोप, व्यायाम. हे नसेल तर अभ्यास होत नाही म्हणे! मावशीने डबा पदराखाली घेतला. जन्मभर मीठ ओढलेली बाई चोरासारखी खाली बघत राहिली. आणि मी गप्प. टर्म मंजूर करणं सरांच्या हातात होतं. अडवली तर परीक्षा सहा महिने मागे.

खरं कारण माहीत असलेली मुलगी माझ्यासमोरच होती, तिचं बोट माझ्या डोळ्याखाली. होस्टेलवर मुलींचे मेस क्लब असायचे. आठ-दहा जणी मिळून स्वयंपाकाची बाई ठेवायच्या, आणि कुणाला घ्यायचं ते त्याच ठरवायच्या. आमच्या मजल्यावरचा क्लब हिच्याकडे. मी विचारायला गेले तेव्हा म्हणाली होती, "तू बसलीस की वास येतो गं. बाकीच्यांना जेवण जात नाही." त्या क्लबात रविवारी चिकन शिजायचं, बरं का. वास माझ्या आडनावाचा येत होता.

दुसऱ्या क्लबातही तेच. खोलीत मासळी रांधायला वॉर्डनची बंदी. मग दोन वर्षं कँटीनचा चहा नि खारी, जमलं तर एक राइसप्लेट. वाचताना अक्षरं हलायची. वॉर्डात उभ्याउभ्या डोळ्यांपुढे अंधारी. सगळे म्हणायचे, अभ्यासाचं टेन्शन घेते. कसलं डोंबलाचं टेन्शन! पहिल्या वर्षी, घरून नवीनच आलेली असताना, प्रॅक्टिकलला स्वतःचं बोट टोचून हिमोग्लोबिन काढलं होतं. साडेतेरा, म्हणजे ठणठणीत. जर्नलमध्ये त्यावर सही आहे. ते रक्त आमच्या अडाणी घरातल्या भात-सुकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्प रोह्याला, वरसे गावात. आता आमच्या जोडीला दुसरी बॅचही. सरांनी पुन्हा मलाच पुढे बोलावलं. मी उभी राहिले, बाकावर बसले नाही.

"सर, हात लावायचा नाही. मला विचारलेलं नाही."

सर म्हणाले, नाटकं नकोत, बस. मी केस सांगायला लागले, रोज वॉर्डात सांगतो तशीच. वय वीस. दोन वर्षं होस्टेलला, दोन वर्षं अर्धपोटी. कारण सांगितलं, क्लब चालवणारीचं नाव घेऊन सांगितलं. मावशीने मला उपाशी ठेवलं नाही, तुमच्या वर्गाने ठेवलं, हेही सांगितलं. ती मुलगी स्वतःची नखं बघत होती.

"तुझ्या टर्मचं बघतो," सर म्हणाले.

"बघा," मी म्हणाले.

बघितलंच त्यांनी. माझे सहा महिने गेले.

पण त्या दिवशी बस सुटायच्या आधी मी रोह्याच्या बाजारातून सुकट घेतली. होस्टेलवर आल्या आल्या स्टोव्ह पेटवला, दार सताड उघडं ठेवलं. मजला नाकाला रुमाल लावून गोळा झाला. वॉर्डन धावत आली, विझव म्हणाली. मी ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर जेवायला बसले. तिला सांगितलं, तक्रार लिहा, खाली सही मी करते. स्टोव्ह उद्याही पेटणार, परवाही पेटणार. डॉक्टर मी होणार, आणि भरल्या पोटी होणार.