बरणीवरची टिचकी

मध्यप्रांताच्या त्या काळात, जबलपुरात बाजारात कैऱ्या आल्या की आमच्या दारी एक बरणीवाली यायची. भाव सांगण्याआधी ती चिनी मातीची बरणी आईच्या मांडीवर ठेवायची. त्या गार, गुळगुळीत स्पर्शानं आई विरघळायचीच! तरी बरणीवाली टिचकी मारून खणखणीत आवाज ऐकवायची, झाकण फिरवून दाखवायची आणि बरणी तिथंच ठेवून, "उद्या येते," म्हणत उठायची.

"आई घेऊन तर राहिली होती, मग काहून चालल्या?" मी एकदा तिला विचारलं.

"आईचं मन तर कधीच हो म्हणालं, भैया. पण घरचे विचारतील, तेव्हा तिच्याजवळ जवाब पाहिजे ना!"

संध्याकाळी बरणी पाहून बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आईनं बरणीवर टिचकी मारली. बाबा स्वतःच झाकण फिरवून पाहू लागले.

मी थक्क! विकणारी तर केव्हाच गल्लीबाहेर गेली होती.