ज्याचा पास त्यानंच काढायचा

बुद्धरत्न ओव्हाळबरोबर मासे धरायला जायचं म्हणजे निम्मी सुट्टी सूचना ऐकण्यात जाते. शेवाळावर पाय ठेवू नका, गळ भिरकावताना मागं कोण आहे ते बघा, एकट्यानं कडेला जाऊ नका. आठवडाभर कारखान्याच्या भिंतीवर हेच वाचायचं आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर येऊन पुन्हा हेच ऐकायचं, याचा मला मनापासून वैताग यायचा. तरी आम्ही चौघं दर गुरुवारी जायचोच. आमच्या चाकणच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, आणि गुरुवारी घरी सापडलेल्या माणसाला दळण आणि गॅस सिलिंडर यांच्यापलीकडे भवितव्य नसतं.

आम्ही चौघं एकाच कंपनीतले. बुद्धरत्न मेंटेनन्सला फिटर. भैरू प्रेसवर, मूळचा धाराशिवकडचा, अंगानं दणकट आणि मनानं त्याहून मोठा. ज्योतीराम फोर्कलिफ्ट चालवतो, राहायला सांगवीला. आणि मी निरंजन, क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढण्याचा पगार घेणारा. भामा नदीच्या काठी, झाडीत एक जागा आम्ही हेरून ठेवली होती. तिथं मरळ होती. मरळ हा आडदांड मासा. रबरी बेडूक पाण्यावर नाचवत आणला की तो खालून असा तुटून पडतो की हातातली काठी सुटायची वेळ येते. त्या एका झटक्यासाठी आम्ही जायचो. खाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भैरू आणि ज्योतीराम गुरुवार पाळतात. साहेब लोक मासा धरून परत सोडतात ते हौस म्हणून. आम्ही सोडायचो ते वारामुळे. बुद्धरत्नला कसलाच वार नव्हता, पण मित्र कोरडे बसलेले असताना आपण मासा घरी न्यावा, हे त्याला कधी पटलं नाही.

बुद्धरत्न निघोज्याचा. कारखाने आले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे त्याची भाषा अजून गावची आहे आणि सवयी सगळ्या कारखान्याच्या. किडकिडीत अंग, दोरी लावलेला चष्मा, आणि नदीवर जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट. मशीन दुरुस्त करायला आत शिरायचं तर आधी बटन बंद करून त्यावर आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हा त्याच्या कामाचा नियम. आतला माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हातानं कुलूप काढत नाही तोवर कुणीही मशीन चालू करायचं नाही. साहेब डोक्यावर उभा राहून ओरडला तरी बुद्धरत्न आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात देत नसे.

हाच नियम त्यानं नदीवर आणला. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं आपला कंपनीचा पास काठावरच्या करंजाच्या फांदीला अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. फांदीवर पास आहे म्हणजे माणूस पाण्यात आहे. ज्याचा पास त्यानंच काढायचा. आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. भैरू तर करंजाला नमस्कार करून "हजेरी लावा हो" म्हणायचा. पण अडकवायचा.

भैरूची गोष्ट वेगळी होती. आमच्या कंपनीत बोटाच्या ठशाचं यंत्र यायच्या आधी हजेरीचं कार्ड होतं, आणि भैरू आपल्याबरोबर उशीर झालेल्या दोस्तांची कार्डंही पंच करून टाकायचा. ज्योतीरामचं तर कितीदा. कॅन्टीनमध्ये तो आजही चार ताटं घेऊन येतो. दोस्तीचा अर्थ त्याला एवढाच ठाऊक: दोस्ताचं काम त्याला न विचारता उरकून टाकायचं. यात वाईट काही आहे असं आम्हाला कुणालाच कधी वाटलं नाही.

त्या गुरुवारी ऊन चांगलंच तापलं होतं आणि नदी गुडघाभर होती. ज्योतीराम गोट्यांवरून चालत नदीच्या मधल्या मोठ्या खडकावर गेला आणि खडकाच्या पलीकडच्या अंगाला उतरून बसला. तिकडे लव्हाळ्यात मरळ होती. काठावरून तो दिसत नव्हता, फक्त काठीचं टोक दिसत होतं. भैरू खालच्या अंगाला, मी आणि बुद्धरत्न वरच्या वळणावर.

दुपार कलायला लागली आणि वरच्या धरणाचा भोंगा झाला. शेतीसाठी पाणी सोडायचं असलं की तो होतो, पाणी येईपर्यंत पुरेसा वेळ असतो, आणि आम्ही मुकाट्यानं वर चढतो. भैरूनं खडकाकडे तोंड करून हाक दिली. "ज्योत्या, चल!" तिकडून आवाज आला, "आलोच रं!" हे आम्हीही ऐकलं.

मी आणि बुद्धरत्न करंजापाशी आलो तेव्हा फांदीवर आमचे दोघांचेच पास होते. बुद्धरत्ननं मला माझा काढायला लावला, मग स्वतःचा काढला, रिकाम्या फांदीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "चला." दरड चढून गाड्यांपाशी पोचलो. भैरू सामान बांधत होता. त्यानं खिशातून एक पास काढून माझ्यापुढं धरला.

"हे घे, ज्योत्याचा. गडबडीत ऱ्हाईला असता, म्या काढून आणला."

"ज्योत्या कुठाय?" बुद्धरत्ननं विचारलं.

"तुमच्यासंगट न्हाई?"

खालून पाण्याचा आवाज येत होता, आणि तो मघासारखा नव्हता.

आम्ही दरडीवरून अक्षरशः घसरत खाली आलो. गोटे दिसेनासे झाले होते. जिथून ज्योतीराम चालत गेला होता तिथं आता गढूळ पाणी जोरात ओढत होतं, आणि तो खडकाच्या माथ्यावर उभा होता. एका हातात काठी तशीच. मरळ लागली होती म्हणून तो थांबला होता आणि मागं वळून बघेपर्यंत वाट गेली होती. त्याला पोहता येत नाही. मला येत नाही, बुद्धरत्नलाही येत नाही. येतं फक्त भैरूला, तेही गावाकडच्या विहिरीतलं.

भैरूनं शर्ट काढून फेकला. बुद्धरत्ननं त्याच्या पट्ट्याला हात घातला.

"सोड मला! म्या जातो!"

"विहीर न्हाई ही. तू गेलास तर दोघांना काढावं लागंल. गप उभा ऱ्हा."

"माझ्यामुळं झालंय हे, सोड!"

"म्हणून तर तुला सोडत न्हाई."

त्यांची झटापट चालू असताना पाणी ज्योतीरामच्या पायांना लागलं. तो काहीतरी ओरडत होता, पाण्याच्या आवाजात कळत नव्हतं. मला बुद्धरत्नचा भयंकर राग आला. माणूस डोळ्यांसमोर जातोय आणि हा नियम सांगतोय, असं वाटलं. त्यानं भैरूचा पट्टा माझ्या हातात दिला, "ह्याला धर," म्हणाला आणि आपली पिशवी उघडली. त्या पिशवीत नेहमी एक जाड नायलॉनचा दोर असायचा. त्यावरूनही आम्ही त्याची थट्टा करायचो.

दोर तिथवर फेकणं शक्य नव्हतं. वारा समोरून होता. त्यानं आपली मासे धरायची काठी घेतली, रबरी बेडूक हातात धरला आणि पक्कडीनं त्याचे गळ तोडायला लागला.

"अरे टाक ना!" मी ओरडलो.

"गळ त्याच्या डोळ्यात गेला म्हंजी?"

एक गळ तुटला. दुसरा तुटेना. पक्कड दोनदा निसटली. त्या क्षणी मी त्याच्या डोक्यात दगडच घातला असता. अखेर तो तुटला, त्यानं बेडकाला शिशाचं वजन बांधलं, उभा राहिला, चष्मा वर सारला आणि काठी मागं नेली.

पहिली फेक कमी पडली. दुसरी वाऱ्यानं भलतीकडे नेली, आणि रीळ गुंडाळून घेईपर्यंत पाणी ज्योतीरामच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. त्यानं हातातली काठी टाकून दिली आणि खाली बसून खडकाला मिठी मारली. तिसरी फेक त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली.

"दोरी धर, ज्योत्या! बारीक दोरी!"

त्यानं धरली. बुद्धरत्ननं दुसऱ्या टोकाला जाड दोर बांधला आणि ज्योतीराम ओढायला लागला. दोर भिजून जड झाला, धारेनं त्याला मोठा बाक दिला. ती बारीक दोरी तुटली असती तर दुसऱ्यांदा हे सगळं करायला वेळ नव्हता. भैरू मोठमोठ्यानं देवाची नावं घेत होता. दोराचं टोक ज्योतीरामच्या हातात गेलं, त्यानं ते काखेतून फिरवून छातीला बांधलं. बुद्धरत्न इथून एकेक गाठ ओरडून सांगत होता. आमच्याकडचा दोर त्यानं करंजाच्या बुंध्याला वेढे देऊन घेतला.

"आता पाण्यात पड. धारच तुला काठाला आणंल. पड!"

ज्योतीराम हलेना. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तरी हलेना. त्याचा आवाज आता नीट ऐकू येत होता.

"न्हाई! तुमी सोडाल! दोर सोडाल तुमी!"

"झाडाला बांधलाय, भाड्या!" मी ओरडलो.

"न्हाई!"

त्याला आमच्याकडचं झाड दिसत नसावं, किंवा दिसत असूनही विश्वास बसत नसावा. त्याची हाक आम्ही ऐकली होती आणि तरीही वर निघून गेलो होतो. आता तो आमच्या भरवशावर हात का सोडेल?

बुद्धरत्न क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. काठावरच्या माणसानं दोर कधीच स्वतःला बांधायचा नाही, हे त्यानं आम्हाला शंभरदा सांगितलेलं. झाडाला वेढे देऊन उरलेला दोर त्यानं उचलला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि झाडापुढं पाण्यात गुडघाभर उतरून उभा राहिला. दोन्ही हात वर करून ती गाठ त्यानं ज्योतीरामला दाखवली.

"बघ! तू गेलास तर मी बी आलो! पड आता!"

ज्योतीरामनं हात सोडले.

तो पाण्याखाली गेला आणि दिसेनासा झाला. दोर ताठ झाला, तो दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या बुद्धरत्नच्या तळहातांतून सरकत गेला आणि त्याला दोन पावलं आत ओढून घेतलं. झाडावरचे वेढे आवळले आणि दोर थांबला. खालच्या अंगाला, काठापासून थोड्या अंतरावर, ज्योतीरामचं डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं. भैरूनं मला हिसका दिला आणि पळत सुटला. मी पळत जाऊन एका हातानं झुडूप आणि दुसऱ्या हातानं त्याचा पट्टा धरला. त्यानं कमरेइतक्या पाण्यात जाऊन ज्योतीरामच्या काखेतला दोर पकडला आणि एखादं पोतं ओढावं तसं त्याला बाहेर ओढलं.

ज्योतीराम ओकला, खोकला, मग उताणा पडून श्वास घेत राहिला. बुद्धरत्न वर आला. कमरेची गाठ त्याला सोडता येईना, तळव्यांची साल निघाली होती. ती गाठ मी सोडवली. मघाशी आलेल्या रागाची मला लाज वाटत होती, आणि एवढं प्रेम मला त्या माणसाबद्दल कधी वाटलं नव्हतं. भैरू लांब जाऊन पाठ करून बसला होता.

ज्योतीरामला एकट्यानं गाडी चालवू द्यायची नाही म्हणून आम्ही तिघंही सांगवीला त्याच्या घरी गेलो. दार योगिनीवहिनींनी उघडलं. नवऱ्याचे ओले कपडे, खरचटलेले हात आणि आमची तोंडं बघून त्या जागीच उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

आम्ही तिघंही खाली बघायला लागलो. भैरूनं तोंड उघडलं, तेवढ्यात ज्योतीराम म्हणाला, "काय न्हाई गं. पाय घसरला. भैरूनं वडून काढलं."

वहिनींनी बुद्धरत्नकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघणार हे आम्हाला माहीत होतं. या माणसाला खोटं बोलता येत नाही. रजा काढताना तो साहेबाला सरळ "मासे धरायला चाललोय" असं सांगतो, आणि आपल्याच हातून झालेल्या चुकीचा रिपोर्ट आपणच देतो.

"भाऊजी, खरं सांगा. असंच झालं?"

बुद्धरत्ननं मुठी मिटून पाठीमागं घेतल्या.

"व्हय वहिनी. भैरूनंच काढला."

वहिनींनी सगळ्यांना बसवलं, चहा ठेवला. पहिला कप भैरूला दिला आणि त्याच्यासमोर हात जोडले. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून. तुमच्या जिवावर मी यांना निर्धास्त पाठवते."

भैरूच्या हातातला चहा डुचमळून मांडीवर सांडला. "वहिनी, हात नका जोडू," एवढंच तो म्हणाला आणि मोठ्यानं रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, त्याला आवरता येईना. वहिनी घाबरून पाणी आणायला आत धावल्या. ज्योतीराम सरकून त्याच्याजवळ बसला.

"म्या सांगणार तिला," भैरू म्हणाला. "म्या खरं सांगणार."

बुद्धरत्ननं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "तुला हलकं वाटंल म्हणून सांगू नगं. तिला फुडच्या गुरुवारी कुणाच्या तरी भरवशावर त्याला धाडायचं हाय."