धाकू तावड्यांच्या नजरेचा काटा

कांदिवलीच्या धाकू तावड्यांना माणूस दिसला की आधी त्याचं वजन दिसायचं. गिरणीत वीस वर्षं कापसाच्या गाठी जोखल्या, संपात गिरणी बुडाली, मग विमानतळावर एका छोट्या कंपनीत चिकटले. खोड काही गेली नाही. भर बारशात मेहुणीकडे बघून "ब्याण्णव" म्हणाले. ती बाई अजून घरी फिरकलेली नाही. तेव्हापासून बायकोची, वनमालाची, सक्त ताकीद होती की बायामाणसांत तोंड उघडायचं नाही.

कामावर मात्र याच खोडीला मान होता. विमान जेमतेम एकोणीस जणांचं. धाकू प्रवाशांच्या रांगेकडे नजर टाकून सांगायचे, आज सामान किती चढवायचं ते.

सत्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत टाय लावलेले श्यामकांत साहेब. मशीन माणशी पंच्याहत्तर किलो धरायचं. हाडकुळा असो की ढेरपोट्या, पंच्याहत्तर! आठ दिवस ते नीट चाललं की धाकूंची रवानगी गोदामात, असं ठरलं होतं. धाकूंचं जेवणावरून मन उडालं होतं.

सात दिवस सुरळीत गेले. आठव्या दिवशी कुस्त्यांच्या दंगलीला निघालेले सोळा पैलवान रांगेत उभे राहिले. मशीन म्हणालं, बाराशे किलो, सगळं सामान भरा.

"सायबानू, पंधराशे साठ आसत," धाकू म्हणाले. "सामान खाली ठेवा."

"खुर्ची जातेय म्हणून बोलताय, तावडे."

ते धाकूंना फार लागलं. "मग काट्यावर चढवा," ते म्हणाले.

पण पैलवानांचे वस्ताद आडवे आले. कुस्तीआधी पैलवानाचं वजन बाहेर फुटता कामा नये, तालमीचा नियम. झाली का पंचाईत! धाकूंनी डोकं खाजवलं आणि चौघाचौघांना एकदम सामानाच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. एकट्याचं वजन कोणालाच कळलं नाही. बेरीज आली पंधराशे चौसष्ट. वरचे चार किलो पैलवानांच्या बंडीच्या खिशातल्या बदामांचे निघाले.

पायलटनं बेरजेचा कागद बघितला, निम्मं सामान उतरवलं आणि श्यामकांत साहेबांना स्पष्टच सांगितलं, यापुढे तावड्यांची सही असल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही. साहेब टाय सैल करत बसले.

संध्याकाळी धाकूंनी घरी सगळं रंगवून सांगितलं. वनमाला खूश झाली. इतकी, की स्वतःची ताकीद विसरून पदर सावरत समोर उभी राहिली.

"मग माझं सांगा बघू किती?"

धाकूंनी एकवार नीट बघितलं. घाम फुटला त्यांना.

"पंच्याहत्तर," ते म्हणाले. "कॉम्प्युटर म्हणतो तसं. तो कधी चुकत नाही गं."